टायरातलं अस्तर

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास नागापूरच्या आमच्या कारखान्याचं फाटक सकाळी सातला बंद व्हायचं. वाटेवर दुतर्फा बाभळी. सायकल पंक्चर झाली की खाडा ठरलेला. या धास्तीनं मी जाड, दणकट टायर घेतले, तरी जीव थाऱ्यावर येईना. मग जुन्या टायरची पट्टी कापून आत अस्तर घातलं. पंक्चरवाले काका म्हणाले, "आधी कडा घासून घ्या, न्हाईतर ट्यूबला लागंल." मला कुठे तेवढा दम होता!

आठवड्यातच, भोंगा ऐकू येत असताना, मागचं चाक बसलं. घामाघूम होऊन टायर उलटापालटा केला. काटा एकही नव्हता. पट्टीच्या धारेनंच ट्यूब कापली होती. बाभळींनी मला सोडलं होतं. मीच स्वतःला सोडलं नाही.