विजयाकाकूंचं 'हव'

विजयाकाकू उमाठे लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला आल्या, त्याला चौतीस वर्षं झाली. रेल्वेत असलेला नवरा अकाली गेला. मग ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी ब्लाउज शिवायला घेतले आणि त्यावरच मुलीचं शिक्षण, लग्न पार पाडलं. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी हिंदी, होकार मात्र छत्तीसगढी: 'हव'. ते जिभेवर कधी बसलं, त्यांनाही ठाऊक नाही.

शेजारची स्नेहल तेलीबांधा भागातल्या एका कंपनीत कामाला होती. डॉक्टरची वेळ घ्यायची वेबसाइट त्या कंपनीने बनवली होती. आता नुसतं बोलून वेळ घ्यायची नवी सोय, सगळ्यांना खुली करण्याआधी चाळीस जणांना वापरायला दिली होती. त्यात काकू एक.

"मैं सिर्फ देखूँगी, काकू. बताऊँगी कुछ नहीं," वही उघडत स्नेहल म्हणाली. तिला मराठी कळायचं, बोलायची मात्र हिंदीच.

काकूंनी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मागितली.

"गुरुवार, सुबह ग्यारह बजे. पक्का करें?" फोनने विचारलं.

"हव."

"माफ़ कीजिए, समझ नहीं आया."

काकूंनी आवाज चढवून आणखी दोनदा 'हव' म्हटलं. फोनने वेळ रद्द करून टाकली.

"काहून वो? मी तं हव म्हणून राहिली!" काकूंचा चेहरा उतरला. "दुसऱ्या कोणाले बोलाव, पोरी. मले नाही जमत."

स्नेहलला 'हाँ' म्हणा असं सांगावंसं वाटलं, पण ती वहीत लिहीत राहिली.

ऑफिसात तिचे साहेब म्हणाले, लोक 'हाँ' म्हणायला शिकतील. स्नेहलने चाळीसही जणांच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. तेवीस जणांनी पहिल्या फटक्यात 'हव'च म्हटलं होतं. सोमवारी खुली व्हायची सोय थांबली.

पंधरा दिवसांनी तिने काकूंना कसंबसं पुन्हा फोनसमोर बसवलं. आता फोनला हव कळत होतं. तो वेळ पक्की करू का विचारत असतानाच दारातून एका बाईने ब्लाउज पुढे करत विचारलं, "दीदी, बाँह छोटी कर दोगी?"

"हव," काकू सवयीने म्हणाल्या, आणि फोनने शनिवारची दुपार पक्की केली.

"अवो, मी तिले म्हटलं, याले नाही!" दोघी पोट धरून हसल्या. मग काकू थांबून म्हणाल्या, "कापडाले कैची लावायच्या आधी मी बाईले माप वाचून दाखवते. यानं बी मले वेळ वाचून दाखवावी. अन् पक्कं करायले एक बटन ठेवा. मी बोटानं दाबीन."

स्नेहलने शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. दोन महिन्यांनी ती सोय शहरभर सुरू झाली, बटणासकट. साहेबांनी काकूंना ऑफिसात बोलावलं, पुढच्या चाचणीलाही त्याच हव्या होत्या.

"येईन," काकू स्नेहलला म्हणाल्या, "पण दिवाळी झाल्यावर. आता या ब्लाउजांपायी मले मान वर करायले फुरसत नाही."