आरतीमधली जाहिरात

आमच्या सोसायटीत हल्ली गणपतीची आरती मोबाइलवरून स्पीकरवर लावतात. आम्ही नुसत्या टाळ्या वाजवतो. काल आरती ऐन रंगात आलेली असताना मध्येच फरशी पुसायच्या लिक्विडची जाहिरात लागली. सेक्रेटरी मोबाइलवर बोटं आपटत राहिले, निरांजन तेवत राहिलं आणि आम्ही सगळी शिकलीसवरलेली माणसं हात जोडून ती जाहिरात ऐकत उभी!

तेवढ्यात तळमजल्यावरच्या सुमनकाकूंनी थरथरत्या आवाजात आरतीची पुढची ओळ धरली.

"काकू, थांबा हो जरा, लागतेय परत," सेक्रेटरी म्हणाले.

काकू ओशाळून गप्प झाल्या.

माझं डोकंच फिरलं. अरे, आरती ही काय नुसती ऐकायची गोष्ट आहे? लहानपणी आम्हाला ती कुणी शिकवली नव्हती. मोठ्यांच्या बेसूर आवाजात आपला बेसूर आवाज मिसळता मिसळता ती कधी पाठ झाली, कळलंही नाही. आजच्या पोरांनी कुणाच्या आवाजात आवाज मिसळायचा? समोरच्या मोठ्यांची तोंडं तर बंद!

जाहिरात संपली. आरती पुन्हा सुरू झाली, टाळ्याही सुरू झाल्या. फरशीच्या लिक्विडला आम्ही शेवटपर्यंत बोलू दिलं. काकूंना मात्र एक ओळ पुरी करू दिली नाही.