झोपलेल्या माशांसाठी आखूड वात

मासे झोपतात की नाही, यावरून आमच्या घरात ताटं फेकली गेलीयत. खोटं नाही सांगत. मी लग्न होऊन चामटोलीला आले तेव्हापासून बघत होते, थोरले दीर आणि आमचे हे, दोघा भावांची या एका गोष्टीवरून जुंपायची.

दीर दगडखाणीत सुरुंग लावायचे. तिकडे उल्हासनगरात निर्वासितांसाठी घरं, रस्ते उठत होते, खडी कितीही फोडली तरी पुरत नव्हती. खाणीतली सुरुंगाच्या दारूची एखादी कांडी दीर कमरेला खोचून घरी आणायचे आणि दुपारी नदीच्या डोहात टाकायचे. धडाका झाला की मासे पोट वर करून तरंगायचे. आम्ही ते चाटूनपुसून खायचो, आता कशाला सोवळेपणा दाखवू?

दिरांचं म्हणणं असं, की भर दुपारी मासा डोहात झोपतो. पापण्या नाहीत म्हणून डोळे उघडे दिसतात, एवढंच. कांडीची वात लांब ठेवली की ती पाण्यात फसफसत राहते, मासा जागा होतो आणि पळतो. म्हणून वात आखूड पाहिजे. हे अंबरनाथच्या कारखान्यात कामाला. यांचं म्हणणं, "मासा झोपत नाय दादा. झोपला असता तर वाहून नसता गेला? वात लांब ठेव." असं म्हटलं की दीर पुढच्या वेळी मुद्दाम आणखी आखूड कापायचे.

मला माशांचं काडीचंही पडलं नव्हतं. झोपू देत नाहीतर नाचू देत. मला भीती एकच, की एक दिवस ती कांडी हातातच फुटणार, आणि शेजारी उभे असणार ते आमचे हे. पण बोलणार कुणाला? थोरल्या दिरासमोर पदर डोक्यावरून घेऊन दाराआड उभं राहायचं, त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही, अशी आमच्यात रीत. मग मी तव्याशी बोलायची. "अरे तव्या, चार मासे कमी मिळाले तर चालतील, माणसं राहू देत." तवा ऐकायचा. दीर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एका सुट्टीच्या दिवशी जेवताना पुन्हा माशांच्या झोपेचा विषय निघाला आणि हे हसले. बास. दिरांनी समोरचं ताट उचलून फेकलं. कड यांच्या भुवईवर बसली, रक्त भातात सांडलं. यांनी दिरांची मान धरली. सासूबाई मध्ये पडल्या तर त्यांना कोपर लागून त्या भिंतीवर आपटल्या. शेवटी दीर धापा टाकत म्हणाले, "चल. आत्ता दाखवतो झोपलेला मासा." आणि रक्त पुसत हेही निघाले, गाढवासारखे!

मी धुणं आणि धोपाटणं उचललं. धुणं सकाळीच झालं होतं, पण घराबाहेर पडायला निमित्त तर हवं.

डोहाचा तळ दिसत होता. झाडाच्या सावलीत मरळ मासे एकाशेजारी एक पडून होते, हलत नव्हते. दिरांनी कोयत्यानं वात कापली, बोटाच्या पेराएवढी. हे म्हणाले, "दादा, नको." दिरांनी विडी टेकवली. वात पेटली आणि तरी त्यांनी कांडी फेकली नाही. माशांची झोप मोडू नये म्हणून ते खाली वाकून ती अलगद पाण्यात सोडायला बघत होते.

मी धावले आणि धोपाटणं दोन्ही हातांनी त्यांच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. कांडी पाण्यात पडली, आणि पडता पडताच फुटली. मी खडकावर आदळले. कान बंद झाले, तोंडात वाळू, यांच्या पाठीत खडे घुसलेले. दीर मनगट धरून गुरासारखे ओरडत होते. हात मोडला होता, पण होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, धाकट्या सुनेनं थोरल्या दिरावर हात टाकला. का टाकला, ते कुणी विचारलं नाही. दीर म्हणाले, "कांडी हिच्या फटक्यानंच फुटली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाईंनी केसाला धरून मला अंगणात ओढलं आणि त्याच धोपाटण्यानं बडवलं. पाठ, खांदे, डोकं, जिथं लागेल तिथं. हे खांबाला टेकून उभे होते. सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस, पण आईपुढे तोंड उघडलं नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी मला बदलापूरला माहेरी सोडलं आणि तसेच कामावर गेले. नंतर निरोप नाही, बोलावणं नाही. दिरांच्या हाताच्या पट्ट्या सुटल्या, ते खाणीवर जायला लागले, एवढं कानावर आलं.

माहेरचं घर स्टेशनच्या रस्त्यावर. एका दुपारी बाहेर गलका झाला म्हणून मी दारात आले. चामटोलीची बैलगाडी होती, इस्पितळासाठी आगगाडी गाठायला स्टेशनकडे निघालेली. खालचा पेंढा लाल झालेला. आत दीर, तोंडावर फडकं, उजव्या हाताला पंचा गुंडाळलेला, आणि तो पंचा कोपराशीच संपत होता. गाडीवाला कुणाला तरी सांगत होता, "डोहावर गेलता. मासे झोपलेत म्हणाला, वात आखूड केली."

मागून सासूबाई अनवाणी धावत होत्या. मला पाहिलं आणि गाडी सोडून सरळ माझ्याकडे आल्या. आता ही मारणार म्हणून मी हात वर केले. त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, नखं रुतेपर्यंत आवळले आणि गदागदा हलवत किंचाळल्या, "कुठं होतीस गं तू? कुठं मेली होतीस?"