खुनी त्यांना शनिवारीच कळायचा

आज रविवार. सुभेदार गेले त्याचा तेरावा दिवस. सकाळी त्यांच्या घरी विधी झाले, बाराला पंगत बसली, दोन वाजता मी घरी आलो.

त्या पंगतीत मला कळलं की सुभेदारांनी मला सात वर्षं फसवलं.

मी इथे माझ्या वॉलवर फारसं लिहीत नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण त्यांना मालिकेच्या ग्रुपवरून ओळखता, म्हणून लिहितोय.

ग्रुपवर ती इंग्लंडची डिटेक्टिव्ह मालिका चांगली राहिली की घसरली, यावर तुम्ही मोठमोठ्या पोस्टी लिहायचात. कथानक, दिग्दर्शन, नवा इन्स्पेक्टर.
आणि खाली एकच ओळ यायची.
"मालिका घसरली. जय हिंद."
तेच आमचे सुभेदार.

सांगलीत आमची घरं समोरासमोर. ते मूळचे आष्ट्याचे, फौजेतून रिटायर होऊन इथे आलेले. मी पाटबंधारे खात्यातून. ते मला ओव्हरसियर म्हणायचे. मी इंजिनियर होतो हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

रविवारी दुपारी तीनला ते माझ्याकडे यायचे. सुरुवातीला मालिका टीव्हीवर लागायची. शेवटच्या जाहिरातींमध्ये दोघांनी खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं आणि आपापल्या बशीखाली ठेवायचं.
जो चुकेल त्याने चहा करायचा.

पहिली चार वर्षं सुभेदारच चहा करत होते. माझ्या स्वयंपाकघरात साखर कुठे आहे हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

मग मालिकेतला जुना इन्स्पेक्टर रिटायर झाला आणि नवा आला. त्याच सुमारास मालिका टीव्हीवरून ॲपवर गेली. मी टीव्हीला नेट जोडून घेतलं, सुभेदारांना मुलाने नवा मोबाईल दिला. एपिसोड आता शुक्रवारीच यायचा, पण आम्ही रविवारच ठेवला, आणि जाहिरातींच्या जागी मी टीव्ही थांबवायचो.

आणि सुभेदार जिंकायला लागले. पुढची सात वर्षं बहुतेक तेच जिंकले.

"ओव्हरसियर, मालिका घसरली."
"का?"
"आवं, खुनी पाच मिन्टांत कळतोय. म्हातारा इन्स्पेक्टर होता तवा शेवटपतुर पत्ता लागत न्हवता."
"मला तर अजूनही लागत नाही."
"तुमी सरकारी माणूस. फाईल टेबलावर आल्याबिगर तुमाला काय कळणार?"

मी वाद घालायचो. एरवी मी कुणाशी वाद घालत नाही, बायकोला विचारा. पण ही मालिका मला मनापासून आवडते, नव्या इन्स्पेक्टरसकट. दर रविवारी मी मुद्दे काढायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि बशीखालची चिठ्ठी पुढे सरकवायचे.
चिठ्ठीवर बरोबर नाव.
मी उठून चहा टाकायचो.

कधीतरी ते चुकायचे, तेही भलतंच. एकदा त्यांनी पोस्टमनचं नाव लिहिलं. तो बिचारा एकदा पत्र टाकून गेला होता, बस.
"त्याची सायकल मला पटली न्हाई," म्हणाले, आणि आनंदाने चहा करायला गेले. आलं नेहमीसारखं जास्त.

आज पंगतीत त्यांची सून रूपाली वाढता वाढता माझ्याशेजारी टेकली.
"काका, एक सांगू? रागावणार नाही ना?"
"नाही."
"मामा शनिवारी दुपारी एपिसोड आधी बघून घ्यायचे. मोबाईलवर. मला शेजारी बसवून."

मी जिलेबी खाली ठेवली.

नवा इन्स्पेक्टर फार भरभर बोलतो. खालची इंग्रजी अक्षरं वाचून व्हायच्या आत निघून जायची. सुभेदार सातवी होऊन फौजेत गेलेले, इंग्रजी तिथेच शिकलेले. मग रूपाली दर वाक्याला थांबवायची आणि अर्थ सांगायची. एका एपिसोडला तीन तास लागायचे.

"मी म्हटलं, काकांना सांगा की, ते थांबवतील. तर म्हणाले, ओव्हरसियरास्नी कळू देऊ नगंस. लय हुशार समजत्यात मला."

"आणि तो पोस्टमन?" मी विचारलं.

ती हसायला लागली. डोळेही पुसत होती.
"ते मुद्दाम. म्हणायचे, दर रविवारी त्यांनीच किती चहा करायचा. महिन्यातनं एकदा आपुन हरू."

मी हात धुतले आणि सवयीने त्यांच्या पुढच्या खोलीत गेलो. मला त्यांना एवढंच सांगायचं होतं, की सुभेदार, ज्याला खुनी शनिवारीच माहीत आहे त्याला रविवारी मालिका घसरलेलीच वाटणार. मालिका आहे तशीच आहे. सात वर्षांचा वाद मी जिंकलो.

खोलीत हार घातलेला फोटो होता. युनिफॉर्ममधला. चोरी पकडली गेल्याचं कसलंही चिन्ह चेहऱ्यावर नव्हतं.

मी नमस्कार केला आणि निघालो.

सुभेदार, तुमचं गुपित सगळ्यांसमोर फोडलं, माफ करा. पण तुम्हाला हुशार समजण्यात माझी चूक झाली नव्हती.

ग्रुपवर या आठवड्याच्या एपिसोडखाली वाद चालूच आहे. तुमची ओळ तेवढी नव्हती. मी तिथे कधी लिहिलं नाही, आज लिहिलं.
"मालिका घसरलेली नाही. जय हिंद."

मग तीन वाजले. बायको मुलीकडे साताऱ्याला गेली आहे. मी टीव्ही लावला. नेहमीच्या जागी थांबवला, चिठ्ठी लिहिली, बशीखाली ठेवली.

मी डॉक्टर लिहिलं होतं. खून डॉक्टरच्या बहिणीने केला होता.

उठलो आणि चहा टाकला. एकच कप. आलं जरा जास्त किसलं.