उकंडादादाचं नाक

उकंडादादा कोणाला रामराम करत नसे. माणूस मळ्याच्या फाटकाशी आला की दादा त्याच्यापुढे उभा राहायचा आणि म्हणायचा, "आ कर." माणसाने तोंड उघडलं की दादा आपलं लांब, बाकदार नाक तिथे नेऊन हुंगायचा आणि निकाल द्यायचा, "कालची हाय. मोहाची. वरून पेरूचा पाला खाल्ला." पाला चावला की वास जातो अशी पिणाऱ्यांची समजूत. दादापुढे ती चालत नसे. कोणी शपथा घ्यायला लागला तर म्हणायचा, "मले नोको सांगू, नाकाले सांग."

हे नाक त्याला भट्टीवर मिळालं होतं. तरुणपणी तो नाल्याकाठच्या झुडपात मोहाची दारू गाळायचा. नुसत्या वासावरून धार कडक की पाणचट ते ओळखायचा. त्याचा सख्खा लहान भाऊ त्याच्याच हातची दारू पिऊन पिऊन मेला, तेव्हा दादाने मडकी फोडली आणि स्वतःही सोडली. जऊळक्याच्या स्टेशनापलीकडे एका शेतमालकाने पडीक तुकडा दिला. तिथे त्याने विहीर खणली, वांगी-मेथी लावली आणि आजूबाजूच्या गावांतले दारुडे गोळा केले. औषधपाणी काही नव्हतं. सकाळी कुदळ, दुपारी भाकर आणि ताक, संध्याकाळी परत कुदळ. ज्याचे हातपाय थरथरत त्याला दादा मिठीत धरून बसायचा. तो माणूस ओकला तर स्वतः पुसून काढायचा. आपल्या सख्ख्या बापासाठी कोणी करत नाही ते तो परक्यासाठी करायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझा नवरा संपत बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होता. तिथेच त्याला दारू लागली. मी बोलून पाहिलं, मारूनही पाहिलं. शेवटी त्याला बैलगाडीत टाकून किन्हीराजाहून मळ्यावर नेलं. दादाने त्याला हुंगलं नाही. म्हणाला, "याचा वास गाडी वळली तवाच आला." मग मला विचारलं, स्वयंपाक येतो का. मी सांगितलं, पोट भरेल असा येतो. तो म्हणाला, मग चूल धर.

आम्ही बौद्ध. छप्पन साली घरातले देव गाठोड्यात बांधून नाल्यात सोडले, तेव्हा ते गाठोडं मी हाताने धरलं होतं. मळ्यात कुणबी, माळी, बंजारा असे सगळे होते. माझ्या हातची भाकर पाहून पहिल्या दिवशी दोघांनी ताटं सरकवली. दादा जेवता जेवता म्हणाला, "दारू पेतानी गिलास कोनाचा हाय, इचारलं व्हतं काय?" दोघांनी ताटं परत ओढली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी सांगायचा, "इथं राहाले येऊ नका, इथून जायाले या." रोज सकाळी सगळ्यांना ओळीत उभं करून हुंगायचा. माणूस बरेच महिने कोरडा राहिला, हातांची थरथर थांबली, भूक लागायला लागली, की एखाद्या सकाळी हुंगून म्हणायचा, "काई नाई. जाय घरी." एवढं ऐकण्यासाठी माणसं वर्षभर कुदळ मारत. जाणाऱ्याच्या धोतराच्या ओच्यात दादा वांगी भरून द्यायचा.

आसेगावचा पुंजाजी असाच गेला. महिनाही झाला नसेल, पिऊन विहिरीत पडला आणि मेला. त्याची बायको मळ्यावर आली. ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फाटकाशी उभी राहून एवढंच बोलली, "दादा, तुमीच म्हणलं व्हतं, काई नाई म्हणून." आणि गेली. दादा त्या दिवशी जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

त्यानंतर मळ्यातून कोणी घरी गेलं नाही. रोज सकाळी दादा हुंगायचा आणि म्हणायचा, "अजून हाय." ज्यांनी वर्षभर थेंब पाहिला नव्हता त्यांनाही तेच. संपतलाही तेच. मी संपतचं तोंड हुंगून पाहिलं, कांद्याशिवाय काही नव्हतं. दादाला तसं सांगितलं तर म्हणाला, "खोल हाय, बाई. तुले नाई येत." तो भ्याला होता, दुसरं काही नाही. पण भ्यालेल्या माणसाच्या बोलण्यातून लोक काय काय काढतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते काढणारा माणूस वाशीमहून आला. देवराव त्याचं नाव. भावाला सोडायला आला. भाऊ कंटाळून पळाला आणि हा राहिला. बोलायला गोड. त्याने लोकांना समजावलं की दादा दारू हुंगत नाहीत, पाप हुंगतात, आणि पाप काही दारूसारखं उतरत नाही. माणसांना ते पटलं. बरोबरच आहे, त्यांच्या आयुष्यात दादाइतकं चांगलं कोणीच वागलं नव्हतं. मग धुनी पेटली. दादाला दिवसभर तिच्यासमोर बसवायला लागले, वर धूप आणि गुग्गुळ. सगळ्यांना पांढरे कपडे आले. गुरुवारी दर्शन सुरू झालं. घराचं नाव काढायचं नाही, कारण घर म्हणजे व्यसनाचं मूळ, असा नियम झाला. बायकांनी फाटकाबाहेरूनच बोलायचं. आणि प्रसादाची चूल वेगळी झाली. मी फाटकाबाहेर कुदळवाल्यांची भाकर करायची, त्या चुलीला हात लावायचा नाही. मी दादाला विचारलं, हे तुम्हाला चालतं का. तो धुनीकडे पाहत म्हणाला, "देवराव पाहून राह्यला ते." मी त्याच दिवशी चूल सोडली असती, पण नवरा आत होता. त्याला घेतल्याशिवाय जायचं नाही हे मी ठरवलं होतं.

त्यात सासूने अंथरूण धरलं. जन्मात ती माझ्याशी धड बोलली नाही, पण मी मळ्यावरून घरी आले की मान उचलून विचारायची, "संप्या आला काय?" मी संपतला सांगितलं, आई जाते आहे, एकदा चाल. तो खाली मान घालून म्हणाला, "दादा म्हणतीन तवा." मी म्हटलं, बरं, दादालाच विचारते.

त्या दुपारी कंदिलात रॉकेल भरताना डबा कलंडून माझा पदर भिजला होता. बदलायला दुसरं लुगडं नव्हतं. धुनीजवळ कोणी नाही असं पाहून मी तशीच फाटकातून आत शिरले आणि दादाजवळ जाऊन बसले. तो म्हणाला, "ये, बाई. काय रांधलं आज?"

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. ज्याला गाडी वळली तेव्हाच वास आला होता, त्याच्यासमोर मी रॉकेलने भिजून बसले होते. मी पदराचं टोक त्याच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, कशाचा वास आहे सांगा. त्याने ते टोक बोटांत चोळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "लय दिवस झाले. या धुरानं खाल्लं. माह्यं नाक गेलं, बाई."

"मंग रोज सकाळी काय हुंगता?"

"त्यानं आ केलं का मले पुंजाजी दिसते," तो म्हणाला. "हरेकाच्या तोंडात पुंजाजी दिसते. कसं म्हणू, जाय घरी?"

मी म्हटलं, पुंजाजी एकदाच मेला, ही माणसं रोज मरतात. मला सांगितलं ते त्यांना सांगा.

गुरुवारी त्याने सांगितलं. सगळे जमले असताना उठून उभा राहिला आणि म्हणाला, माझं नाक गेलं आहे, मला कशाचाच वास येत नाही, तुम्ही बरे झालात, घरी जा. मग देवरावाने हात जोडले आणि म्हणाला, "दादा परीक्षा पाहत आहेत." झालं. सगळी ओळ जमिनीवर आडवी पडली. संपतही पडला. मी फाटकाबाहेरून पाहत होते.

दादा धुनीपासून पुढे आला. त्याने संपतचं बखोट धरून त्याला उठवलं आणि ओढत फाटकापर्यंत आणलं. तिथे संपत अडला. मी म्हटलं चाल, तरी पाय उचलेना. घाबरलेल्या पोरासारखा दादाला म्हणाला, "दादा, हुंगा." आणि त्याने तोंड उघडलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग ते मेलेलं नाक त्याने संपतच्या तोंडाशी नेलं, पूर्वीसारखंच, तितकाच वेळ, आणि मोठ्याने म्हणाला, "काई नाई. जाय घरी."

संपत चालायला लागला. मागे वळून पाहिलं तर बाकीचे उठून दादाभोवती तोंडं उघडून उभे राहिले होते, पण देवरावाने त्याला धरून झोपडीत नेलं. त्यानंतर दादाचं दर्शन दारातूनच व्हायचं, असं ऐकलं.

सासूने संपतचं तोंड जवळ ओढून हुंगलं आणि म्हणाली, "कांदा खाल्ला." तेवढ्यासाठी जीव अडला असेल, आता जाईल, असं मला वाटलं होतं, पण बाई उठून बसली. पुढे दोन पावसाळे जगली आणि रोज माझ्याशी भांडली. संपतने पुन्हा दारू घेतली नाही.

काही वर्षांनी एका दुपारी मी अंगणात तूर पाखडत होते. कुंपणाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. कपडे कधीकाळचे पांढरे, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे. नाकावरून ओळखला. मी विचारलं, तुम्हाला सोडलं कसं त्यांनी? दादा म्हणाला, "माह्या जागी खाटेवर वाकळ गुंडाळून ठेवली. ते तिच्या पाया पडतात. माह्यं काई काम नाई तिथं."

मग तो अंगणात आला, माझ्यापुढे उभा राहिला आणि त्याने आ केलं.

मला कळायला थोडा वेळ लागला. साऱ्या मुलखाची तोंडं हुंगणाऱ्या या माणसाला, भाऊ मेल्यावर दारू सोडल्यापासून, कोणीच हुंगलं नव्हतं. मी सूप खाली ठेवलं, उठले आणि त्याचं तोंड नीट हुंगलं. धुराचा वास होता आणि उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तो.

"काई नाई, दादा," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला. पुढचं ऐकायचं बाकी होतं. पण जाय घरी म्हणायला त्याला घर कुठे होतं? मी म्हटलं, "आत या."