शिंप्याने न दिलेली नावं

सावली गावच्या बाजारातला आमचा शिंपी माप घेताना आकडा मोठ्याने ओरडायचा. "कंबर चाळीस! सर, मागच्या साली छत्तीस होती!" सगळा बाजार माझ्या पोटाकडे बघायचा.

करोनात सरकारी अ‍ॅप आलं. आपल्याजवळ कोण आलं ते अ‍ॅप नोंदवतं, हे कळल्यावर तो स्वतःचा फोन घरी तांदळाच्या डब्यात ठेवून दुकानात येऊ लागला.

पुढे तोच पॉझिटिव्ह निघाला. संपर्कातल्या लोकांची यादी करायची ड्युटी आम्हा शिक्षकांवर होती. मी अंगणात उभा राहून नावं विचारली. तो खिडकीतून म्हणाला, "नावं नाई देत, सर. मागं एकाचं नाव फुटलं, तं लोकाईनं त्याच्या घरच्याईले बोरिंगवर पाणी भरू नाई देल्लं. मीच एकेकाले फोन करतो."

मी चिडून कोरा कागद घेऊन निघालो. वळणावर पोचतो तोच माझा फोन वाजला.

"सर, सोमवारी तुमी बी दुकानात आल्ते. तपासून घ्या. कोणाले नाई सांगत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणीच्या रांगेत गेलो. पुढे आठ-नऊ ओळखीचे लोक उभे होते. कोणी कोणाला काही विचारलं नाही.