सर, सेल काढला होता का?

सगीराचं दुकान माझ्या दुकानापासून चौथं. मध्ये एक पिठाची गिरणी, एक लेडीज टेलर आणि एक कायमचं बंद शटर. गल्लीला वळण आहे, त्यामुळे खुर्ची सरळ ठेवली तर तिचा काउंटर दिसत नाही, जरा तिरकी केली की दिसतो. गेली दोन वर्षं माझी खुर्ची तिरकीच आहे.

सरळ सांगतो, मला तिचा हेवा वाटतो. पुंडलिकनगरात मी अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि ही पोरगी माझ्याच हाताखाली अकरा महिने शिकली. रोज बिडकीनहून बसनं यायची. तिचे वडील नूरमोहम्मद शिलाई मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळे हातात कसब घरूनच आलेलं. हे मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही. सगळं मीच शिकवलं असंच सांगायचो. मग तिनं स्वतःचं दुकान टाकलं आणि रिबन माझ्याच हातून कापून घेतली. मी हसत पेढा खाल्ला आणि रात्री जेवलो नाही.

तिची कामाची पद्धत मला पाहवत नाही, कारण ती चांगली आहे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकते. माझ्याकडे गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य संपायच्या आत मशीनचं झाकण उघडलेलं असतं. काढलेले स्क्रू ती इडलीपात्राच्या वाट्यांत ठेवते, कुठला कुठचा ते चुकत नाही. मी एकदा घरी जुनं इडलीपात्र मागून पाहिलं. रत्नमाला, माझी बायको, म्हणाली, ‘‘सगीराकडं बघितलं वाटतं?’’ तो विषय मी तिथंच सोडला.

बायका लॅपटॉप छातीशी धरून माझ्या दारावरून तिच्याकडे जातात. जाता जाता मला ‘‘कसे आहात सर?’’ असं विचारतात, ते आणखी झोंबतं. एकच गिऱ्हाईक माझ्या दारावरून पुढं गेलेलं नव्हतं, ते म्हणजे कारभारी काका. काका वधू-वर सूचक केंद्र चालवतात. माझं लग्नही त्यांनीच जमवलं. काका तिच्याकडे गेले की गल्लीत आपलं संपलं, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

त्या शनिवारी सकाळी काकांचा कॉम्प्युटर माझ्या टेबलावर होता. जुनी हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती. त्यांचे साडेसहाशे बायोडाटे एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. म्हणून मी जुन्या डिस्कची हुबेहूब कॉपी नव्या डिस्कवर करून घेतली, नवी डिस्क बसवली आणि बटण दाबलं. काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ, चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही म्हणून.

केबल बदलली. रॅम काढून खोडरबरानं घासली. सेटिंगमध्ये गेलो, तिथं नव्या डिस्कचं नाव व्यवस्थित दिसत होतं. शेवटी जुनी डिस्क परत लावली, तर काल रखडत का होईना चालणारी तीही उठेना. मी पुन्हा नवी बसवली.

‘‘गोकुळ, आरं उद्या धा वाजता मेळावा हाय,’’ काका म्हणाले. ‘‘लासूर स्टेशनपासून मानसं यायलीत. पोरींच्या बापास्नी काय दाखवू, ह्यो काळा पडदा?’’

‘‘थोडा वेळ द्या काका.’’

‘‘सकाळधरनं तेच म्हनतुयास.’’ चार वाजता ते उठले, मशीन काखेत मारलं आणि पहिल्यांदाच माझ्या दारावरून पुढं गेले. मी खुर्ची आणखी तिरकी केली.

अर्ध्या तासानं सगीरा स्वतः माझ्या दुकानात आली. पायरीखाली चप्पल काढून आत आली, शिकायला यायची तेव्हा काढायची तशीच.

‘‘सर, येक इच्यारू? सेल काढला व्हता का?’’

माझी एक सवय आहे. मशीन उघडलं की मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल काढायचा, पाच मिनिटं बाजूला ठेवायचा आणि परत बसवायचा. जुन्या मशीनचे निम्मे आजार त्यानंच जायचे. मला माझ्या उस्तादांनी शिकवलं, मी सगीराला शिकवलं. आता माझा हात विचार न करताच तिकडे जातो. सकाळीही गेला होता. सेल काढला की मशीन आपली सगळी सेटिंग विसरतं आणि कारखान्यातून आलं तसं होतं. काकांचं विंडोज जुन्या पद्धतीनं चालू होणारं, आणि विसरलेलं मशीन आता फक्त नव्या पद्धतीची डिस्क शोधत होतं. म्हणून दोन्ही डिस्क मेल्यासारख्या. तिच्या प्रश्नासरशी हे सगळं माझ्या डोक्यात लख्ख झालं.

हो म्हटलं असतं तर तिनं दोन मिनिटांत मशीन चालू केलं असतं आणि काका कायमचे तिचे झाले असते.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘सेलला हातही लावला नाही.’’

‘‘मंग सेटिंग तर तशीच असंल,’’ असं म्हणून ती गेली. तिनं पुन्हा विचारलं नाही, ती सेटिंग उघडूनही पाहिली नाही. सरांनी सांगितलं म्हणजे झालं. दीड तास ती नको तिथं शोधत बसली. काका तिच्या दुकानात येरझाऱ्या घालत होते. एरवी हसतमुख असलेली पोरगी ओढणीनं कपाळ पुसत होती आणि मी इकडे बसून ते पाहत होतो. मला बरं वाटत होतं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली.

सहाच्या सुमारास मी सहज फिरत आल्यासारखा तिच्या दुकानात गेलो. ‘‘बघू जरा,’’ म्हणालो. सेटिंगमध्ये शिरलो, नवी पद्धत बंद केली, जुनी चालू केली. विंडोजचा पडदा आला आणि पाठोपाठ काकांचे नवरदेव-नवऱ्या रांगेनं उभे राहिले.

‘‘शेवटी गुरू त्यो गुरूच!’’ काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी सगीराकडे पाहिलं. तिचं तोंड पडलेलं बघायचं होतं मला. ती तर काकांपेक्षा जास्त खूश होती.

‘‘कसं वळकलं सर तुमी? पन सेटिंग बदललीच कशानं?’’

‘‘सेल उतरला असेल,’’ मी ठोकून दिलं.

तिनं लगेच मशीन बंद करून सेल काढला आणि मीटर लावला. काटा तीनच्या वर गेला. सेल भरलेला होता. तिनं तोच सेल परत बसवून बटण दाबलं. तोच काळा पडदा, तीच ओळ.

ती पडद्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी गिरणीकडे बघायला लागलो.

‘‘आता आनि काय झालं गं पोरी?’’ काका घाबरले.

‘‘काय नाय काका. सर म्हनले तसंच हाय, सेल उतरलाय. नवा टाकते.’’ तिनं ड्रॉवरमधून नवा सेल काढून बसवला, माझ्यासमोर ती सेटिंग स्वतःच्या हातानं बदलली आणि मशीन काकांकडे दिलं. जुना भरलेला सेल काकांना दिसायच्या आत मुठीत धरला. मग मला म्हणाली, ‘‘सर, चाय घेऊन जावा.’’

मी चहा घेतला. 

काका आता भेटेल त्याला सांगतात, की सगीराला दोन तासांत जमलं नाही ते गोकुळनं एका मिनिटात केलं. लोक पुन्हा माझ्या दुकानात थांबायला लागलेत. कुणी सगीराला विचारलंच तर तीही मान हलवून हो म्हणते. सहा महिने झाले, खरं काय ते तिनं कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. सांगितलं असतं तर निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं.